ज्यात कुणी मरत नाही असं पुस्तक

आमच्याकडं मुरूम गावात पुस्तक न्यायला कुणी कुणाला अडवत नाही. परत करताना मात्र घाम फुटतो. नियम आम्हा चौघांचा आहे आणि तो आम्ही कुणासाठी मोडलेला नाही. ज्यानं कादंबरी सुचवली त्याच्यासमोर बसून मत द्यायचं, मगच पुस्तक त्यानं परत हातात घ्यायचं. 'छान आहे' हे मत धरत नाही. 'वेळ चांगला गेला' हेही नाही. वेळ काय, एस.टी. स्टँडवर बसूनही जातो. निदान एक तरी खोट काढावी लागते आणि सुचवणाऱ्याला त्यावर भांडायची मुभा असते. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गावाला जरा उसंत असते, तेव्हा माझ्या ओसरीवर हे चालायचं. शेजारच्यांना वाटायचं, वाटणीवरून वाद पेटलाय.

चौघं म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, चौकातले मेडिकलवाले, मी आणि अक्का. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते, म्हणून सगळ्या गावाची 'बाई'. अक्का अडत दुकानदाराची बायको. माहेर सीमेपलीकडचं, बोली कानडी. मराठी वाचायला ती लग्नानंतर शिकली, अडतीवर येणाऱ्या पेपरातून. पेपर संपला की काय वाचायचं, म्हणून वाचनालयात आली आणि तिथून माझ्या ओसरीवर. आमच्यात सगळ्यात तिखट जीभ तिचीच. मला स्वतःला लोक फटकळ म्हणतात, पण तिच्यापुढं मी साखर.

गोड शेवटाचा तिला मनापासून तिटकारा होता. कादंबरीच्या शेवटी सगळ्यांचं भलं झालं, रुसलेला भाऊ परत आला, अडलेलं लग्न जमलं, की ती पुस्तक माझ्यापुढं सारायची आणि म्हणायची, "वाढली बुंदी." लग्नाच्या पंगतीत वाढपी बुंदीची बादली घेऊन फिरतो आणि मागा न मागा, पानात पडतेच, तसं. हळूहळू आम्ही सगळेच असल्या पुस्तकाला बुंदी म्हणायला लागलो.

पोस्टमास्तरांचं आणि तिचं एका कादंबरीवरून कायमचं वाकडं होतं. एका आजारी बाईची कादंबरी आहे ती. बाई अंथरुणाला खिळते आणि पुस्तकभर हळूहळू मरत जाते, एवढीच गोष्ट. पोस्टमास्तर म्हणायचे, मरण लिहावं तर असं. अक्का ती हातातही घ्यायची नाही. "रडायला पुस्तक कशाला पायजे? घरात काय कमी हाय?" ते म्हणायचे, न वाचता नावं ठेवणं हा गुन्हा आहे. ती म्हणायची, "मग द्या फाशी." वर्षानुवर्षं हेच. दोघांना यात किती सुख होतं हे मला आता कळतं.

अक्काचं पोट दुखायला लागलं तेव्हा पहिले काही महिने तिनं ओवा चावून काढले. मग जेवण तुटलं, अंगावरचं लुगडं सैल झालं, तेव्हा मालकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, तिला सोलापूरला नेलं. बार्शीच्या कॅन्सर इस्पितळात मुद्दाम नेलं नाही. आमच्या भागात 'बार्शीला नेलं' म्हटलं की पुढचं कुणाला सांगावं लागत नाही, लहान पोरालाही दुखण्याचं नाव कळतं.

परत आल्यावर एका सकाळी मालक माझ्या दारात आले. आम्ही सगळे त्यांना मालकच म्हणतो. अक्का त्यांचा उल्लेख तसाच करायची, तेच आमच्या तोंडी बसलं. अबोल माणूस. बायको कादंबऱ्या वाचते याचं त्यांना कौतुक नव्हतं आणि रागही नव्हता. अंगणात चिमण्या याव्यात इतपतच दखल. ते आत आले नाहीत. टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"बाई, जरा काम हुतं. हिला पुस्तकं तुमीच देता."

"आम्ही सगळेच देतो."

"आता बघून देत जावा. ज्यात दुखणं न्हाय, कुणी मरत न्हाय, अशी द्या."

मी विचारलं, "काय म्हणाले सोलापूरला?"

"उशीर झाला म्हणले." त्यांनी टोपी उलटी करून आत बघितलं. "तिला अल्सर सांगितलाय. पोरांनाबी तेच बोलायला लावलंय."

मी म्हटलं, "सांगून टाका अक्कांना. हुशार बाई आहे."

"हुशार हाय म्हणूनच न्हाय सांगत. रोज मरंल ती. कळायच्या आधी एकदाच मरू द्या." आणि मग या माणसानं, ज्यानं कधी माझ्याकडं पाण्याचा तांब्याही मागितला नव्हता, माझ्यापुढं हात जोडले. "अंबाबाईची आण घ्या, बाई. तुमी तिला सांगणार न्हाय."

मी आण घेतली. मला राग आला होता, आजही आहे. ज्याचं दुखणं त्यालाच सोडून सगळ्या गावाला सांगायचं, ही आपल्या लोकांची कसली माया? पण जोडलेल्या हातांपुढं हे बोलता येत नाही.

मालकांनी बाकीच्या दोघांनाही असंच गाठलं होतं. मग आम्ही तिघं बसलो आणि ज्यात कुणी मरत नाही अशी मराठी कादंबरी शोधायला लागलो. हसू नका, किंवा हसा. आम्हीही हसलो होतो. माझं कपाट, पोस्टमास्तरांची लोखंडी पेटी, वाचनालयाची मांडणी, सगळं धुंडाळलं. आयुष्यभर आम्ही ज्या पुस्तकांना थोर म्हणून माना डोलावल्या, त्यातलं एकही कामाचं निघालं नाही. कुठं आई जाते, कुठं लेक विहिरीत उडी घेते, कुठं अख्खं गाव पटकीनं साफ होतं. पोस्टमास्तर एक पुस्तक उघडायचे आणि मिटायचे. "पहिल्याच पानावर आजोबा गेले." मेडिकलवाल्यांनी एक जाडजूड ग्रामीण कादंबरी वर धरली. "ह्यात नुसता बैल मरतो. चालंल का?"

"कशानं मरतो?" मी विचारलं.

"पोट फुगून."

ती परत ठेवली. बैलाच्या पोटावरून आम्ही तिघं म्हातारे डोळ्यात पाणी येईपर्यंत हसलो आणि मग कुणीच कुणाकडं बघेना.

शेवटी उरल्या त्या बुंद्या. गैरसमज, रुसवे, हरवलेलं पत्र, शेवटी लग्न. त्याच आम्ही पाळीपाळीनं तिला नेऊन द्यायला लागलो. ओसरीपर्यंत येणं तिला जमत नव्हतं म्हणून बैठक तिच्या घरी, तिच्या पलंगाभोवती हलवली. मालक आम्ही दिलेलं प्रत्येक पुस्तक दारातच हातात घ्यायचे, मुखपृष्ठावरचं चित्र निरखायचे आणि माझ्याकडं बघायचे. मी मान हलवली की पुस्तक आत जायचं.

अक्का निमूटपणे वाचायची. मतं द्यायची, पण त्यात दम नव्हता. आम्हाला वाटलं दुखण्यानं. एका बैठकीला तिनं पोस्टमास्तरांचं पुस्तक परत केलं. म्हणाली, "ह्यातल्या नायकाला धड जेवायचीबी अक्कल न्हाय, तो प्रेम काय करणार? लेखकानं हे झोपेत लिवलंय."

पोस्टमास्तर म्हणाले, "बरोबर आहे, अक्का."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. उशीला टेकलेली होती, ती जरा वर सरकली. "बरोबर हाय?"

"अगदी बरोबर," पोस्टमास्तर म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसायला काढला. मेडिकलवाल्यांनीही मान डोलावली. मीही. तिघांनी एकदम. आमच्या बैठकीच्या इतिहासात तिघांचं कधी पावसाबद्दलसुद्धा एकमत झालेलं नव्हतं.

 चहा आला, तो अक्कानं आम्हाला आग्रह करून पाजला. दुसऱ्या दिवशी दुपारी, मालक अडतीवर असताना, तिचा मला फोन आला. "बाई, एकट्या या."

मी गेले तर ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. माझी चाहूल लागली तसं तिनं तोंड फिरवलं. "मला कॅन्सर हाय न्हवं?"

मी आण घेतली होती. 

"बोलू नका. तुमाला शपथ घातली असंल, मालकांना ओळखते की म्या." तिचा श्वास पुरेना, ती थांबत थांबत बोलत होती. "आधी सगळ्यांनी बुंद्या आणायला सुरुवात केली. म्हटलं, आजारी हाय, म्हणून हलकं देत असतील. पर काल म्या त्या पुस्तकाला शिव्या घातल्या अन् पोस्टमास्तर 'बरोबर हाय' म्हणले. ते पुस्तक त्यांनी सुचवलेलं. भांडले न्हाईत माज्याशी." तिचे डोळे भरून आले. "मरणाऱ्याशीच न्हाय भांडत कुणी."

सोलापूरच्या डॉक्टरांनी तोंड मिटलं, पोरांनी मिटलं, मेडिकलवाल्यांनी गोळ्यांची वेष्टनं बदलून दिली. सगळा चोख बंदोबस्त. आणि आम्ही वाचणाऱ्यांनी एक होकार देऊन तो उघडा पाडला. घरी आल्यावर मी पोस्टमास्तरांना फोनवर खूप बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तेव्हाही भांडले नाहीत.

पण ते नंतर. त्या दुपारी तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "आता खरं पुस्तक आणा. पोस्टमास्तरांचं ते. आजारी बाईचं."

"अक्का, ते कशाला आता?"

"आता न्हाय तर कवा? रडायला पुस्तक नको म्हणायचे म्या, तवा रडायला येळ हुता."

मी आणलं. त्याचं मुखपृष्ठ काढून टाकलं आणि कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलं, वर झेंडूच्या फुलांचं चित्र येईल असं. दारात मालक भेटलेच एकदा. त्यांनी झेंडू बघितले, मला बघितलं, मी मान हलवली.

पुस्तक धरण्याइतकं तिच्या मनगटात बळ नव्हतं, म्हणून दुपारी मी वाचून दाखवायचे. आयुष्यभर वर्गात वाचून दाखवलं, पण इतकं जड कधी गेलं नाही. ती डोळे मिटून ऐकायची. मध्येच थांबवायची. "हे खोटं हाय. दुखतंय तवा बाईला अंगणातला मोगरा दिसत न्हाय. काईच दिसत न्हाय." एखाद्या ठिकाणी म्हणायची, "हे परत वाचा." तिथं बहुतेक काही विशेष नसायचं. बाई पाणी मागते आणि ते कोमट येतं, एवढंच. "हे खरं हाय. हे त्या लिवणाऱ्याला कुणीतरी सांगितलेलं असणार."

शेवटच्या प्रकरणात ती बाई नवऱ्याला जवळ बसवून घेते आणि जन्मभराचं बोलते. काय राहिलं, काय चुकलं, काय बरं झालं. पानंच्या पानं.  वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "मत?"

"इतकं बोलायला तिच्यात दम कुठनं आला?" अक्का म्हणाली. ही झाली खोट. मग बराच वेळ ती पत्र्यावरच्या कबुतरांचा आवाज ऐकत पडली. "पर बोलली तरी. मला तेवढंबी न्हाय, बाई."

माझा बांध फुटला. मी म्हटलं, "मग बोला ना तुम्ही. मालकांना सांगा, मला माहीत आहे म्हणून. रोज समोर बसतात तुमच्या."

"ते रोज हसत येतात," ती म्हणाली. "उभ्या जन्मात कवा हसले न्हाईत ते, आता रोज हसत येतात. 'अल्सर हाय, हुतंय बरं' म्हणतात. त्यांना वाटतंय, एका गोष्टीतनं तरी वाचीवलं हिला. म्या बोलले तर ते तोंड उतरंल, ते पुन्हा चढायचं न्हाय. तेवढं ऱ्हाऊ द्या त्यांच्याजवळ." आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी त्यांना आण दिली, आता मला द्या. कळू द्यायचं न्हाय त्यांना, म्हंजे मला कळलंय ते."

अशा दोन शपथा माझ्या गळ्यात. एका घरात दोन माणसं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती आणि दोघांच्या मनासारखी पुस्तकं मी पुरवत होते.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. शेवटचे दिवस शुद्धीत नव्हती. मालक उशाशी होते आणि, तिथं असलेल्यांनी सांगितलं, तिच्या कानाशी लागून 'हुतंय बरं' असंच म्हणत होते. 

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि मालक पिशवी घेऊन माझ्याकडं आले. या वेळी आत येऊन बसले. घरातून निघालेली आमची सगळी पुस्तकं त्यांनी आणली होती. एकेक काढून चटईवर ठेवली, सगळ्यात शेवटी झेंडूचं कव्हर.

"हे शेवटचं वाचत हुती. ह्यात तसलं काई न्हाय ना?"

"नाही," मी म्हटलं. "शेवटी लग्न होतं."

त्यांनी मान हलवली. "एवढं एकच जमलं, बाई. शेवटपातूर कळू दिलं न्हाय तिला." ते बाहेर बघत होते. "पर एक वाटतं. कळलं असतं तर काईतरी बोलली असती जाताना. आमी दोघं बोललोच कुठं? म्या अडतीत, ती पुस्तकात."

मी पुस्तकं उचलायला लागले. मला हा माणूस लवकर जायला हवा होता, स्पष्टच सांगते.

"मत घेतल्याबिगर तुमी पुस्तक घेत न्हाय म्हणं," ते म्हणाले. "ह्याचं काय मत दिलं तिनं?"

मी तयार नव्हते. तोंडाला येईल ते बोलले. "आवडलं म्हणाल्या. शेवट गोड आहे म्हणाल्या."

मालकांचा हात झेंडूच्या कव्हरवर थांबला.

"गोड शेवट तिला आवडला?" त्यांनी हळूच विचारलं. "बाई, ती तर असल्याला बुंदी म्हणायची."

मी उचललेली पुस्तकं पुन्हा चटईवर ठेवली.

"जेवायला बसलो की सांगायची, आज ह्या पुस्तकात बुंदी वाढली, त्या पुस्तकात वाढली. म्या खाली मान घालून जेवायचो. तिला वाटायचं, ऐकत न्हाय म्या." त्यांनी पुस्तक उचललं, उघडलं, एक पान बघितलं. वाचायची सवय नसलेला माणूस बघतो तसं, बोट ठेवून. कुठल्या ओळीवर बोट होतं मला दिसलं नाही. बराच वेळ ते तिथंच होतं.

"कवा कळलं तिला?"

खोटं किती वेळ रेटायचं? मी सांगितलं. दुपारी फोन आला तिथपासून सांगितलं.

"मग माज्याशी का न्हाय बोलली?"

तिला दिलेली आण मोडलीच होती. मी म्हटलं, "तुम्ही हसत यायचा. ते हसू तुमच्या तोंडावरून जाऊ नये म्हणून."

त्यांनी पुस्तक मिटलं. त्यांचा चेहरा मी सांगत बसत नाही. "म्या बाहीर पायरीवर हुबा ऱ्हायचो, बाई," ते म्हणाले. "तोंड नीट हुईपातूर. कवा कवा लई येळ लागायचा. मग आत जायचो."

जाताना त्यांनी बाकीची पुस्तकं ठेवली आणि झेंडूचं तेवढं पिशवीत परत घातलं. म्हणाले, वाचून मत देतो. ते अजून त्यांच्याकडंच आहे. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं ओसरीवर बसतो, ते समोरून जातात, आणि आमच्यातलं कुणी त्यांना विचारत नाही.